खपली गहू चालेल का? सीलिअ‍ॅकचा संशय असलेल्या मुलीच्या आईला उत्तर

विट्याजवळच्या एका गावातून एका आईने विचारलं आहे. मुलगी सात वर्षांची. दोन वर्षं झाली, एचबी आठ-साडेआठच्या वर सरकत नाही. लोहाचं टॉनिक चालूच आहे, जंताचं औषध झालं. वर्गात सगळ्यात बुटकी, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढं. खाते, पण अंगाला लागत नाही. बालरोगतज्ज्ञांना सीलिअ‍ॅकचा, म्हणजे गव्हामुळं आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचा, संशय आला आणि त्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली. ती आली १४८, लॅबची मर्यादा २०. दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊ, असं ते म्हणाले. तेवढ्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी सांगितलं म्हणून तीन आठवड्यांपासून घरात तिची चपाती बंद केली, आणि पोरगी जरा हसती-खेळती दिसायला लागली. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या घरात आजवर कुणाला गहू बाधला नाही, हा सगळा संकरित गव्हाचा दोष, तिला आपल्या रानातला खपली द्या. ताईंचे प्रश्न चार : खपली चालेल का, अधूनमधून थोडा गहू चालेल का, मोठी झाल्यावर हे जाईल का, आणि फरक पडलाच आहे तर दुर्बीण कशाला?

ताई, तुमचे प्रश्न गव्हाची जात कुठली आणि किती खायचा, याभोवती फिरताहेत. ते साहजिक आहे. पण अडचण आहे ती तुमच्या मुलीच्या प्रतिकारशक्तीने एक चुकीची ओळख पक्की करून ठेवली आहे, त्यात. ती कशी तयार होते हे एकदा डोक्यात बसलं की चारही उत्तरं तुम्हाला तुमचीच मिळतील, आणि सासूबाईंनाही समजावता येईल. मी सांगली-मिरज भागात पोटाच्या विकारांचे पेशंट बघतो, लहान मुलंही येतात. मुलीला मी तपासलेलं नाही, म्हणून औषधपाण्याचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात आधी घाईचं सांगतो. दुर्बीण व्हायच्या आधी गहू बंद करायचा नसतो. टीटीजी काय किंवा आतड्याचा तुकडा काय, दोन्ही तपासण्या गहू पोटात जात असेल तरच खऱ्या येतात. तीन आठवड्यांत सगळं पुसलं जात नाही, आतडं भरून यायला महिने लागतात, त्यामुळे घाबरू नका. पण रेंगाळूही नका. डॉक्टरांना आजच फोन करून गहू कुठल्या तारखेपासून बंद आहे ते सांगा. बहुतेक ते म्हणतील की उद्यापासून रोज दोन चपात्या परत सुरू करा आणि जवळची तारीख घ्या. चारसहा महिने चपाती बंद ठेवून मग येणाऱ्यांचं फार अवघड होतं. त्यांना पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खायला घालून तपासावं लागतं. तोवर पोरगं बरं झालेलं असतं, आणि त्याला परत आजारी पाडायला कुठल्या आईचा हात धजेल? पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येण्याच्या काळात तर ही उलटी परीक्षा आम्ही शक्यतो टाळतोच.

‘फरक पडला’ याचं काय? फरक खरा असू शकतो. पण गहू बंद केल्यावर बिस्किटं, खारी, टोस्ट, पाकिटातल्या नूडल्सही बंद होतात. शिवाय गव्हात फ्रुक्टन नावाची एक साखर असते, ती आतड्यात आंबते आणि गॅस होतो. गहू थांबला की सीलिअ‍ॅक नसलेल्या माणसाचंही पोट हलकं वाटतं. म्हणून नुसत्या बरं वाटण्यावर निदान करत नाहीत.

आता आत काय घडतं ते. गव्हातल्या प्रथिनांच्या एका गटाला ग्लूटेन म्हणतात. चपातीची कणीक ताणली की ताणली जाते, ती त्याच्यामुळं. जोंधळ्याच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरी थापावी लागते आणि कडेला चिरते. ग्लूटेनच्या साखळीत प्रोलीन आणि ग्लुटामिन ही दोन अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, आणि प्रोलीन जिथं जास्त तिथं आपल्या पाचकरसांचं काही चालत नाही. त्यामुळे ग्लूटेन पुरतं तुटत नाही, लांब लांब तुकडे उरतात. ३३ अमिनो आम्लांचा असा एक तुकडा २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिला, तो जठराच्या, स्वादुपिंडाच्या किंवा आतड्याच्या कुठल्याच एन्झाइमला दाद देत नाही. ध्यानात घ्या, हे तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच पोटात होतं. अर्धवट पचलेला तुकडा हा काही आजार नव्हे. बहुतेकांच्या बाबतीत तो पुढं जातो आणि विषय संपतो.

काहींच्या बाबतीत तो आतड्याच्या अस्तरातून आत शिरतो आणि तिथं त्याला टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज भेटतं. हेच ते तुमच्या रिपोर्टवरचं टीटीजी. हे आपल्याच शरीरातलं एन्झाइम, एरवी जखमा सांधायच्या कामातलं. ते या तुकड्यातल्या ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतं. बदल एवढासाच, पण त्यामुळं तुकड्यावर ऋण विद्युतभार येतो. ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे प्रथिन असतं, त्यांच्यात हा भारित तुकडा त्या प्रथिनाच्या खोबणीत घट्ट बसतो. पेशी तो तुकडा पृष्ठभागावर धरून टी-पेशींना दाखवते. टी-पेशी म्हणजे आपल्या संरक्षणव्यवस्थेतले ओळखपरेडवाले. ज्या मुलात टी-पेशी या तुकड्याला शत्रू ठरवतात, त्या मुलात सीलिअ‍ॅक सुरू होतो. या टी-पेशी गॅमा इंटरफेरॉनसारखी रसायनं सोडतात, आतड्याच्या अस्तरातल्या मारक पेशी चवताळतात आणि आपलंच अस्तर मारत सुटतात. त्याच धांदलीत बी-पेशी टीटीजीविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवायला लागतात. रक्तात १४८ आलं ते या प्रतिपिंडांचं मोजमाप. ते गव्हाविरुद्ध नाही, शरीराच्या स्वतःच्या एन्झाइमविरुद्ध आहे, म्हणून सीलिअ‍ॅकला आम्ही स्वप्रतिकार आजारांत धरतो. टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार हे त्याचे भाऊबंद, आणि एकाच माणसात ते पुष्कळदा जोडीनं सापडतात.

आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व त्यांच्यातूनच रक्तात जातं. तुमच्या भागात चटकन समजेल असं सांगतो. निरोगी आतडं म्हणजे उभ्या उसाचं रान. सीलिअ‍ॅकमध्ये तो ऊस बुडख्यापर्यंत तुटतो आणि रान सपाट होतं. पण बुडखे, म्हणजे व्हिलायच्या मुळाशी असलेल्या पेशी, जिवंत असतात, उलट जास्तच जोमानं फुटायला बघतात. तोड थांबली की खोडवा येतो. म्हणूनच ग्लूटेन पूर्ण थांबवलं की आतडं पुन्हा उभं राहतं, मुलांत तर मोठ्यांपेक्षा लवकर. मात्र रोज चिमूटभर गहू जात राहिला तर फुटवा वर यायच्या आतच छाटला जातो.

टॉनिक दोन वर्षं का लागू पडलं नाही, याचं उत्तरही यातच आहे. लोह प्रामुख्यानं लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून शोषलं जातं, आणि सीलिअ‍ॅकचा मार सगळ्यात आधी नि सगळ्यात जास्त तिथंच बसतो. पाठोपाठ फॉलिक आम्ल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. बाटल्या बदलून उपयोग नव्हता, घ्यायलाच जागा शिल्लक नव्हती. जुलाब नाहीत म्हणून सीलिअ‍ॅक नाही, असं धरून चालणारे अजून बरेच आहेत. मी बघतो त्या मुलांत नुसता न हटणारा अ‍ॅनिमिया किंवा खुंटलेली उंची घेऊन येणारी कमी नसतात. वारंवार तोंड येणं, दातांवरच्या आवरणात खळगे, लांबलेली पाळी, यकृताच्या तपासण्या किंचित वाढलेल्या, असल्या वाटांनीही हा आजार समोर येतो.

गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी. तिच्यात खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. तिची यंत्रणा निराळी आणि पुष्कळ मुलांत ती वयाबरोबर ओसरते. ‘मोठी झाली की जाईल’ हा दिलासा लोक बहुधा तिच्यावरून देतात. आणखी एक, हल्ली रक्ताचा नमुना घेऊन शंभर पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ची यादी देणाऱ्या महागड्या तपासण्या निघाल्या आहेत. सीलिअ‍ॅकच्या निदानात त्यांची किंमत शून्य, पैसे घालवू नका.

आता सासूबाईंचा मुद्दा. ‘आमच्यात कुणाला नव्हतं.’ डीक्यू२ किंवा डीक्यू८ आपल्याकडे साधारण तीनातल्या एकाकडे असतं, आणि त्यातल्या अगदी थोड्यांनाच आजार होतो. म्हणजे घराण्यात त्याचं जनुक पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप बसलेलं असू शकतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या एका पाहणीत उत्तर भारतात प्रौढांमध्ये सीलिअ‍ॅकचं प्रमाण १.२३ टक्के निघालं आणि दक्षिणेत ०.१० टक्के. जनुकं बाळगणाऱ्यांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक होता तो ताटात, उत्तरेत गहू कितीतरी पट जास्त. आपल्या जिल्ह्यांकडे बघा. जत, आटपाडी, माण, खटाव जोंधळा-बाजरीवर वाढले, पाटण-जावळीकडं भात आणि नाचणी. सासूबाईंच्या लहानपणी चपाती सणाला आणि पाहुण्याला. आज सकाळी चहाबरोबर टोस्ट, डब्यात चपाती, संध्याकाळी बिस्किटाचा पुडा. दाणा पेरला गेला आणि पाणीही मिळालं, एवढंच झालं असेल. त्यांच्यातल्या कुणाचा अंगात रक्त नसल्याचा त्रास आयुष्यभर ‘बाईमाणसाला असतंच’ म्हणून सोडून दिला गेला असेल का, हेही एकदा विचारून बघा. घरातल्या जुन्या कहाण्यांत असं काही ना काही पुष्कळदा निघतं.

खपलीवर जरा जास्त बोलतो, कारण आपल्या कृष्णाकाठी हा प्रश्न मला सतत येतो आणि त्यावर दुकानदार, नातेवाईक, मोबाइलवरचे वैद्य सगळे छातीठोक बोलतात. खपली हा जुना, देखणा गहू. त्याची खीर मलाही आवडते. तो संकरित नाही हे खरं. नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे ए, बी आणि डी असे तीन संच असतात, खपलीत ए आणि बी हे दोनच. वर सांगितलेला तो ३३चा तुकडा डी संचातून येतो, म्हणून खपलीत तो मिळत नाही. ‘खपलीत त्रासदायक ग्लूटेन नसतं’ या प्रचाराचं मूळ कदाचित यातच असेल, आणि अर्धं खरं हे साफ खोट्यापेक्षा जास्त घातक ठरतं. ए आणि बी संचांतूनही टी-पेशींना चिथावणारे तुकडे भरपूर येतात. तुमच्या मुलीच्या टी-पेशी तेवढ्यावर कामाला लागणार. सासूबाईंना पटवायचं असेल तर घरीच करा : वाटीभर खपलीचं पीठ घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत धुवा. पांढरं पाणी जाऊन शेवटी बोटांना चिकटणारा, च्युइंगमसारखा लगदा हातात राहील. नेहमीच्या गव्हापेक्षा तो मऊ आणि तुटका असेल, पण असेल. तेच ग्लूटेन. जोंधळ्याच्या पिठाचं असंच करून बघा, हातात काही राहत नाही. खपलीची साखर हळू चढते वगैरे गोष्टी मधुमेह्यांपुरत्या, इथं त्यांचा संबंध नाही.

तर खपली नाही, बन्सी नाही, शरबती नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया नाहीत. सातू (जव) आणि राय हे गव्हासारखं विदेशी धान्य (मोहरी नव्हे) नाहीत, कारण त्यांच्यातली प्रथिनं गव्हाच्याच भावकीतली. तापवून, तळून, आंबवून ग्लूटेन जात नाही. ओट्स स्वतः बहुतेकांना चालतात, पण बाजारातल्या पाकिटांत गव्हाची भेसळ इतकी सापडते की पहिलं वर्षभर मी ते नकोच म्हणतो.

‘थोडं’ म्हणजे किती, याचं उत्तर आकड्यात देता येतं. सीलिअ‍ॅकच्या पेशंटना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देऊन झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांत आतड्याला इजा दिसली. रोज १० मिलिग्रॅमच्या खाली सहसा इजा होत नाही असं धरतात. एका मध्यम चपातीत तीसेक ग्रॅम पीठ, त्यात ढोबळमानानं तीन ग्रॅम ग्लूटेन. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा चपातीचा साठावा भाग. चपाती लाटताना पोळपाटावर भुरभुरायला जे पीठ घेता ना, त्यातली चिमूट. म्हणून ‘सणाला एखादी पोळी’ हे सूत्र इथं चालत नाही. खाऊन काही त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नसतं. पोट गप्प असताना आतडं सपाट असलेली मुलं आम्हाला नेहमी दिसतात.

मोठेपणी जातं का? ही आशा जुनी आहे आणि तिचा इतिहास बघण्यासारखा आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार सुरू केला, मुलं खरोखर सुधारली, आणि कालांतरानं ती नेहमीचं जेवण घेऊ शकतात असं त्यांनी मानलं. मुलं सुधारली होती ती त्या आहारात गहू नव्हता म्हणून, हे कळायला वेळ लागला. ते दाखवलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुलं खंगत असताना ही मुलं बरी राहिली. पाव परतला तसा आजार परतला. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. पुढं कळलं ते असं की एकदा शिकलेल्या टी-पेशी आठवण ठेवून असतात. वर्षानुवर्षं गहू बंद ठेवून आतडं अगदी निरोगी झालं तरी त्या पेशी जागच्या जागी असतात, पुन्हा गहू आला की पुन्हा हल्ला. किशोरवयात तक्रारी कमी होतात हे खरं, त्यामुळं लोक ‘गेला’ म्हणतात. आत काम चालूच असतं. ठिसूळ हाडं, पुढं गर्भधारणेत अडचणी आणि क्वचित, अगदी क्वचित, आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग, या गोष्टी त्यातून येतात. तेव्हा पथ्य जन्मभराचं.

आणि जन्मभराचं आहे म्हणूनच दुर्बीण. नियम असा आहे की मुलांमध्ये टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए नावाचं प्रतिपिंडही निघालं, तर युरोपातल्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तुकडा न घेताही निदान करता येतं. तुमची दहापट म्हणजे २०० झाली असती. आलंय १४८, साडेसात पटीच्या आसपास. सीलिअ‍ॅक असण्याची शक्यता दाट आहे, पण आतड्याचं रान सपाट करणारे दुसरेही आजार आहेत. आपल्याकडं जिआर्डियाचा संसर्ग, ट्रॉपिकल स्प्रू, क्षय, हे सगळं असतं आणि त्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. दुसरं कारण अनुभवाचं : आज तुम्ही सांगाल ते ती ऐकते, पंधराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर वडापाव समोर येईल तेव्हा ‘माझं कुठं काय सिद्ध झालं होतं’ म्हणायला जागा राहू नये.

दुर्बिणीची भीती मनातून काढा. मुलीला थोडी गुंगी देतात, तपासणी पंधरा-वीस मिनिटांची, बहुधा त्याच दिवशी घरी. डॉक्टरांना एवढंच विचारा की तुकडे किती घेणार. इजा ठिगळाठिगळानं असते, म्हणून ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या, पुढच्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या भागातून एक-दोन घ्यावेत अशी रीत आहे. एकदोनच तुकड्यांवर ‘नॉर्मल’ आलेला रिपोर्ट मी सहसा पुरा मानत नाही. टीटीजी-आयजीएबरोबर एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, टीटीजी त्याच प्रकारात मोजतात) तपासलं होतं का, हेही बघा. तुमच्या मुलीची टीटीजी वाढलेलीच आहे, त्यामुळं तिच्यासाठी ते तितकं अडत नाही, पण घरातल्या इतरांसाठी लागेल. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच बनत नाही आणि मग टीटीजी खोटी निर्मळ दिसते.

निदान पक्कं झालं की मग स्वयंपाकघर. इथं तुमचं नशीब चांगलं आहे. दिल्ली-पंजाबकडच्या आईला ‘गव्हावाचून काय घालू’ हा प्रश्न पडतो. तुमच्याकडं शाळूची भाकरी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा, हुलग्याचं माडगं सगळं आहे. उपवासाचं जवळजवळ पूर्ण ताट ग्लूटेनशिवायचंच असतं. महागड्या ‘ग्लूटेन-फ्री’ पाकिटांची तुम्हाला गरज नाही, त्यातली बरीचशी नुसता स्टार्च आणि साखर असतात. घ्यायचीच वेळ आली तर शिक्का बघून घ्या. आपल्या कायद्यानुसार तसं लिहायला किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

खरी कसोटी गिरणीत आहे. भाकरी खाऊनही टीटीजी उतरत नाही अशा घरांत मी पहिला प्रश्न विचारतो, दळण कुठं करता? तुमच्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर चक्कीच्या दगडात, पीठ पडतं त्या कापडी तोंडात, खालच्या डब्यात गव्हाचं पीठ असतंच, आणि तुमच्या जोंधळ्याच्या पहिल्या शेराबरोबर ते तुमच्या डब्यात येतं. बऱ्याच गिरण्यांत जोंधळा-बाजरीची चक्की वेगळी असते, ती बरी, पण त्याच चार भिंतींत गहू दळला की पीठ हवेत उडतं आणि सगळीकडं बसतं. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणा जाऊ देऊ नका. या पथ्यातली एकच खरेदी कुणी करणार असेल तर मी हीच करायला सांगतो. तेवढं शक्य नसेल तर गिरणीवाल्याशी बोलून सुट्टीनंतरच्या दिवशी चक्की झाडून घेतल्यावर सगळ्यात आधी नंबर लावा, आणि आधी दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ घरातल्या बाकीच्यांना वापरा. दळायच्या आधी धान्य सुपात घेऊन निवडा. एकाच मळणी यंत्रातून आणि त्याच पोत्यांतून आलेल्या जोंधळ्यात गव्हाचे दाणे हमखास निघतात.

घरात चाळणी, काठवट, पोळपाट-लाटणं तिचं वेगळं. लाकडात आणि जाळीत पीठ रुतून बसतं. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. तिची भाकरी आधी, तवा धुऊन, मग बाकीच्यांच्या चपात्या. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे पापड नकोत.

लपलेला गहू आपल्या पदार्थांत ठिकठिकाणी असतो. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू घालायची पद्धत आहे, मेतकुटातही. दोन्ही गहू वगळून घरी करा, चवीत फार फरक पडत नाही. बांधणीचा हिंग म्हणून जी पूड मिळते तिच्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. रोजच्या फोडणीतून ते जातं, म्हणून पाकीट वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. विकतचं भडंग, पापड, फरसाण, लोणचं, सगळ्यांना हाच हिंगाचा प्रश्न. चुरमुरे मात्र निर्धास्त, भडंग घरी करून द्या. दुधात घालायच्या पावडरी बहुधा सातूच्या माल्टच्या असतात, त्या बंद. नुसत्या खव्या-साखरेचे कंदी पेढे चालतील. बेंदराला, होळीला पुरण करताना तिच्यासाठी पुरणच वाटीत काढून वर दूध-तूप घाला, तांदळाची उकड काढून त्याची पारी करता आली तर उत्तमच. सत्यनारायणाचा शिरा प्रसाद असला तरी रव्याचा असतो. हे घरातल्या मोठ्यांनीच ठामपणे सांगायला हवं, सात वर्षांच्या पोरीवर ‘नको’ म्हणायची वेळ आणू नका. शाळेतल्या बाईंना एक चिठ्ठी द्या, वाढदिवसाच्या केकसाठी डब्यात राजगिऱ्याची वडी कायम असू दे.

सुरुवातीला काही आठवडे दुधानं पोट बिघडलं तर नवल नाही, व्हिलायच्या टोकावरचं दूध पचवणारं एन्झाइमही झडलेलं असतं. ते परत येतं. दूध कायमचं तोडू नका, तोवर दही-ताक द्या. लोह, फॉलिक आम्ल, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टर लिहून देतील, आणि या खेपेला टॉनिक लागू पडेल. भूक आणि चिडचिड आधी सुधारते, वजन पुढच्या काही महिन्यांत, उंचीला वेळ लागतो. दारामागं पेन्सिलीनं खूण करून तीन महिन्यांनी मोजा, रोज मोजून जीव खाऊ नका. टीटीजी सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. ती एकदम शून्य होत नाही, मुलांत वर्ष-दोन वर्षांत सहसा मर्यादेत येते. वर्षानंतरही तिथंच अडून राहिली तर नवा आजार शोधायच्या आधी गिरणी, हिंग आणि शाळेबाहेरची टपरी तपासायची.

तुम्ही लिहिलंय की धाकटा तीन वर्षांचा आहे आणि त्याला काही त्रास नाही. तरी त्याची, तुमची आणि मुलीच्या वडिलांची टीटीजी एकूण आयजीएसह करून घ्या. सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला, निदान वीसातल्या एकाला तरी, हा आजार सापडतो. तपासणी होईपर्यंत तुमची तिघांची चपाती चालू राहू दे, धाकट्याचीसुद्धा. त्याची आता निर्मळ आली तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा करायची, आणि मध्येच त्याचं वजन अडलं किंवा रक्त कमी झालं तर त्याच्या आधीच.